ओठांशी आलेली गाळणी

लातूरच्या एका वसतिगृहात भाच्याला भेटायला गेलो होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी तो गावाकडून आलेला. खोलीत दोन खाटा, भिंतीला टेकवलेले पुस्तकांचे ढीग आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. गॅस किंवा शेगडी ठेवायला मनाई, पाणी उकळायची विजेची किटली मात्र चालते. त्यानं स्टीलच्या ग्लासात चहापत्ती टाकली, वरून उकळतं पाणी ओतलं, ग्लासावर वही झाकली आणि कप्प्यातून स्टीलची एक नळी काढली. नळीचं खालचं टोक चमच्यासारखं फुगीर होतं आणि त्याला बारीक छिद्रं पाडलेली होती.

"मामा, गाळणी कशाला लागालीय आता? ह्यानंच प्यायचं."

पहिले दोन घोट छान आले. तिसऱ्याला त्याचे गाल आत गेले, कपाळावर आठी पडली आणि नळीतून काहीच वर येईना. शेवटी त्यानं नळी बादलीत खळबळून घेतली आणि उरलेला चहा गाळासकट तसाच प्यायला. तो तिसरा घोट का अडला, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. पुढं या नळीच्या मागे लागलो, तेव्हा चहाच्या दाण्यापासून नारूच्या किड्यापर्यंत बरंच काही हाती आलं.

आधी नळीचं काम समजून घेऊ. आपण चहा पातेल्यात उकळतो, गाळणीतून कपात ओततो आणि मग पितो. म्हणजे शिजवणं, गाळणं आणि पिणं या तीन क्रिया तीन भांड्यांत होतात. गाळणीची नळी या तिन्ही एकाच ग्लासात आणते. पत्ती किंवा कॉफीची भरड ग्लासाच्या तळाशी राहते, पाणी तिच्यावर असतं आणि गाळण्याचं काम घोट घेताना, ओठांपासून वीतभर अंतरावर होतं. कागद, फडकं, पातेलं यांपैकी काही लागत नाही. प्रवासात, शेतात, रेल्वेत, वसतिगृहात गरम पाणी मिळालं की काम झालं. पुन्हा पुन्हा वापरता येते हा आणखी एक गुण. भारतात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत प्यायच्या नळ्याही आहेत. त्यामुळे स्टीलच्या नळीला आता वेगळं महत्त्व आलं आहे.

नळीतून पाणी आपण ओढतो असं म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते वर ढकलते. तोंडातला दाब आपण थोडासा कमी करतो, ग्लासातल्या चहावर मात्र हवेचा पूर्ण दाब असतोच. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा पाण्याचा साडेनऊ मीटरहून उंच स्तंभ पेलू शकते. वीस सेंटिमीटरच्या नळीत चहा वर चढवायला त्यातला जेमतेम दोन टक्के दाब पुरतो. म्हणून लहान मूलही सहज नळीनं पितं. तेव्हा भाच्याचा घोट अडला तो नळीच्या उंचीमुळे नव्हे, छिद्रांपाशी काहीतरी घडल्यामुळे.

तिथं घडतं ते असं. छिद्राहून थोडे लहान असलेले दोन-तीन कण एकाच वेळी छिद्राच्या तोंडाशी आले, की एकमेकांना टेकून त्यांची कमान तयार होते. पोतं रिकामं करताना धान्य तोंडाशी तुंबतं, तसंच. या कमानीवर आणखी बारीक कण बसतात आणि बघता बघता छिद्रावर चिखलासारखा थर जमतो. आता गाळण्याचं काम स्टीलची जाळी करत नाही, तो थर करतो. थोडा थर उपयोगाचाच असतो, कारण त्यानं चहा अधिक स्वच्छ येतो. पण माणूस जोर लावून ओढू लागला की बारीक कण थरात घट्ट रुतत जातात. जितका जोर, तितका अडथळा. अशा वेळी ओढणं थांबवून नळीत हलकी फुंकर मारावी, थर सुटतो. भाच्यानं नेमकं उलटं केलं होतं.

मुळात त्याच्या ग्लासात होती ती आपल्या घराघरातली चहापूड. तिचा जन्म या नळीसाठी झालेला नाही. १९३०-३१ च्या सुमारास आसाममधल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी एक यंत्र तयार केलं. दातेरी रुळांच्या जोडीतून चहाचं पान गेलं की ते चिरडतं, फाटतं आणि वळून त्याचे गोळीसारखे दाणे होतात. इंग्रजीतल्या या तीन क्रियांच्या आद्याक्षरांवरून त्या चहाला सीटीसी म्हणतात. पानाच्या पेशी फुटलेल्या असल्यानं असा दाणा काही मिनिटांत सगळा रंग आणि कडकपणा सोडून देतो. थोड्या पत्तीत भरपूर कप होतात. दूध, साखर आणि आलं यांच्याखाली दबून न जाणारा चहा सामान्य माणसाच्या चुलीवर आला, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा आहे. मात्र त्यातल्या बारीक डस्टचे कण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर असतात, पाण्यात फुगतात आणि मऊ होतात. नळीच्या छिद्राला याहून वाईट सोबती मिळणं कठीण. त्यात दुधाची साय आणि आल्याचे धागे मिसळले, तर दुसऱ्या घोटाचीही खात्री नाही.

म्हणूनच जिथं अशी नळी शतकानुशतकं टिकली, तिथं पेयाचा कण वेगळा आहे. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये माते नावाचं पेय पितात. येर्बा नावाच्या झाडाची वाळलेली, भरड पानं भोपळ्याच्या वाळक्या कवटीत भरतात, वर गरम पाणी घालतात आणि बोंबिया नावाच्या धातूच्या नळीनं पितात. स्पॅनिश लोक तिथं पोचण्याआधीपासून ग्वारानी लोक हे पेय बोरूच्या पोकळ नळीनं पीत असत, चांदी आणि पितळ नंतर आलं. हे पिणारे लोक एक पथ्य काटेकोर पाळतात. नळी एकदा पानांत रोवली की हलवायची नाही, ढवळायचं तर मुळीच नाही. जाळीभोवती पानांचा जो भरड थर बसलेला असतो, तोच खरी गाळणी असतो, आणि ढवळलं की बारीक चुरा थेट छिद्रात जातो. पाहुण्यानं नळी ढवळली तर यजमान नाराज होतो, त्या शिष्टाचाराच्या पोटात हे विज्ञान आहे.

आपल्या देशातही अशी नळी आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. सिक्कीम, दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळमध्ये लिंबू समाज तोंगबा पितो. नाचणी शिजवून आंबवतात, उंच लाकडी किंवा बांबूच्या भांड्यात भरतात, वर गरम पाणी घालतात आणि थोडं थांबून बांबूच्या नळीनं पितात. नळीचं खालचं टोक बंद असतं आणि बाजूला बारीक चिरा असतात. पाणी संपलं की पुन्हा ओततात, दाणे तेच. मादक पेय असल्यानं त्याची शिफारस मी करत नाही. पण एकाच भांड्यात पाणी पुन्हा पुन्हा ओतून, तळाचा ऐवज न हलवता नळीनं प्यायची ही पद्धत भाच्याच्या ग्लासाची सख्खी थोरली बहीण आहे.

त्याहून मागे गेलं तर इराकमधल्या ऊर या प्राचीन नगरातली पुआबी राणीची कबर लागते. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या कबरीत लेनर्ड वुली यांना मौल्यवान धातूंनी मढवलेल्या प्यायच्या नळ्या मिळाल्या. बार्लीचं पेय तेव्हा गाळलेलं नसे, टरफलं वर तरंगत, म्हणून नळी. कॉकेशसमधल्या मायकोप इथल्या दफनात १८९७ मध्ये सोन्याचांदीच्या आठ लांब नळ्या सापडल्या. बराच काळ त्यांना राजदंड किंवा छत्राचे दांडे मानलं गेलं. २०२२ मध्ये रशियन अभ्यासकांनी त्यांच्या टोकाच्या चाळणीत अडकलेल्या बार्लीच्या पिठाळ कणांचा पुरावा मांडला आणि त्या प्यायच्या नळ्या असाव्यात असं सांगितलं. पाच हजार वर्षं अडकून बसलेला तो गाळ वाचून मला भाच्याची तुंबलेली नळी आठवली.

आता आपल्या भागाकडे वळतो, कारण गाळण्याचा अर्थ मराठवाड्यात चहापुरता कधीच नव्हता. आपल्या भाषेत वस्त्रगाळ असा एक सुंदर शब्द आहे. वैद्यानं चूर्ण वस्त्रगाळ करून दिलं म्हणजे ते फडक्यातून गाळलेलं, जिभेला खरखरीत न लागणारं. उभा धागा आणि आडवा धागा यांच्यामधल्या चौकोनी फटी हीच ती जाळी. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला खादी विणली जाते आणि नांदेडला त्या खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. अशा हातविणीच्या कापडाची एक घडी चहाला पुरते, पाण्याला दोन लागतात. जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, आणि फडक्यावर जे उरतं ते ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडतात. त्याला जीवाणी म्हणतात. आपल्याला न दिसणाऱ्या जिवाचीही काळजी त्या फडक्यात आहे.

न दिसणारा असाच एक जीव मात्र माणसाच्या जिवावर उठलेला होता. नारू. जुन्या माणसांसमोर हा शब्द उच्चारला तर अजून अंगावर काटा येतो. पायऱ्यांच्या बारवेत उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची, ही जुनी रीत. कुणाच्या पायाला नारूचा फोड असेल तर पाण्याचा स्पर्श होताच तो फुटे आणि हजारो अळ्या पाण्यात जात. सायक्लॉप्स नावाचा, जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पाणपिसू त्या अळ्या गिळे. ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पोटात पिसू मरे, अळी मात्र वाचे. साधारण वर्षभरानं दोन-तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा जंत पायाची कातडी फोडून बाहेर येऊ लागे. तो तुटू नये म्हणून काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, आठवडे जायचे. नेमका पेरणीच्या वा काढणीच्या दिवसांत माणूस खाटेला खिळायचा. या रोगावर ना लस आहे, ना औषध.

उपाय होता तो गाळण्याचा. पिसू कापडाच्या दुहेरी घडीतून जात नाही. सुमारे ०.१ मिलिमीटर फटीच्या नायलॉन जाळीतून तर मुळीच नाही. भारतानं १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. घरोघर गाळण्याची कापडं पोचली, बारवांच्या पायऱ्या बंद करून वरून पाणी शेंदायची सोय झाली, हातपंप आले, पाण्यात पिसू मारणारं औषध पडलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. देवी रोगाच्या उच्चाटनाइतकी ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती लढाई प्रामुख्यानं बायकांनी, घागरीच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यानं जिंकली आहे.

आणि इथंच आपली नळी पुन्हा भेटते. आफ्रिकेत सुदानसारख्या देशात गुराख्यांना आणि भटक्यांना घागर, फडकं बरोबर नेणं शक्य नव्हतं. ते वाटेत दिसेल त्या डबक्यावर ओणवे होऊन पाणी पीत. त्यांच्यासाठी बोटभर जाडीची, आत बारीक जाळी बसवलेली नळी तयार झाली. दोरीनं ती गळ्यात अडकवायची आणि तिच्यातूनच पाणी प्यायचं. २००१ मध्ये सुदानमध्ये अशा लाखो नळ्या वाटल्या गेल्या. १९८६ मध्ये जगात नारूचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये माणसांतले रुग्ण होते अवघे १४. या नळ्या बनवणाऱ्या कंपनीनंच पुढं २००५ मध्ये जंतू अडवणारी नळी बाजारात आणली. तिच्या आजच्या रूपात केसासारख्या पोकळ तंतूंच्या भिंतींना असलेली छिद्रं मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढी असतात.

म्हणून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. चहाची नळी आणि पाणी शुद्ध करणारी नळी दिसायला बहिणी वाटल्या तरी त्यांचं काम वेगळं आहे. चहाच्या नळीतून जंतू आरामात जातात. पाणी उकळलेलं असेल तरच ती वापरावी. आणि उकळल्यानं जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेलं काही जात नाही. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, ते उकळून जात नाही आणि कुठल्याही चाळणीत अडकतही नाही.

दुसरी काळजी कपाखालच्या बशीनं शिकवलेली आहे. आपल्याकडे चहा बशीत ओततात, पृष्ठभाग पसरतो, वाफ निघून जाते आणि फुर्र करून घोट घेईपर्यंत चहा सोसवेल इतका निवतो. ओठ आधी सावध होतात, जीभ नंतर. नळी हे सगळं वगळते. ग्लासातला गरम चहा ती थेट जिभेच्या मागच्या भागावर नेऊन सोडते, आणि स्टीलची असेल तर ओठही भाजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं वर्गीकरण केलं, आणि त्यामागच्या पुराव्यांत कढत माते पिणाऱ्या दक्षिण अमेरिकेतले अभ्यास होते. दोष पानाचा ठरला नाही, उष्णतेचा ठरला. लातूरच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. ते ग्लासात ओतल्यावर पाच-सहा मिनिटांनीही नळीसाठी गरमच असतं. ग्लासाला बाहेरून हात लावून पाहावा. धरवत नसेल तर नळी तोंडात घालू नये.

थांबायचं तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. पत्ती ग्लासातच असल्यानं ती उतरतच राहते. कॅफीन लवकर सुटतं, तुरटपणा आणणारे घटक सावकाश आणि शेवटपर्यंत सुटत राहतात. म्हणून नळीच्या चहाचा पहिला घोट आणि शेवटचा घोट एकसारखा लागत नाही. पत्ती नेहमीच्या निम्मीच घालावी. कॉफी असेल तर जाडसर रव्यासारखी दळलेली घ्यावी, चार मिनिटं तिला तळाशी बसू द्यावं आणि नळी तळाला न टेकवता बोटभर वर धरावी. झटपट विरघळणाऱ्या कॉफीला नळीची गरजच नाही.

धुण्याचं काय? फडकं उलटं करून झटकलं की स्वच्छ होतं, नळीच्या पोटात मात्र हात जात नाही. बारीक ब्रश हवा, वाहतं पाणी हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर कापून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या दिवसांत भांडी विसळलेलं पाणी झाडाला आणि झाडाखालचं कोंबड्यांना, असा हिशेब असलेल्या शहरात नळी धुवायला किती पाणी लागतं हा प्रश्न क्षुल्लक नाही. माझा अनुभव असा की पिऊन होताच किटलीतलं घोटभर गरम पाणी उलट्या टोकानं ओतलं तर वाटीभर पाण्यात काम होतं. वाळल्यावर तांब्याभरही पुरत नाही. दूध घातलं असेल तर उन्हाळ्यात दोन तासांत वास येतो. बोअरच्या जड पाण्यानं छिद्रांवर पांढरा थर चढतो, तेव्हा नळी लिंबाच्या फोडीसह गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवावी.

एवढं सगळं पाहिल्यावर मी भाच्याला फोन केला आणि विचारलं, गावाकडच्या न्हाणीमागं गवती चहाचं बेट अजून आहे का. आहे म्हणाला. मराठवाड्यात नळाच्या सांडपाण्यावर वाढलेलं हे बेट बऱ्याच घरी असतं. लांब, धारदार, रेषाळ पात. कितीही उकळली तरी तिचा चुरा होत नाही, तुकडे छिद्राहून कितीतरी मोठे राहतात, आणि ती तुरट होत नाही, उलट शेवटच्या घोटापर्यंत वास देत राहते. सोबत तुळशीची चार पानं, खडीसाखरेचा खडा. या नळीला आपल्या मातीतला याहून चांगला जोडीदार मला सापडलेला नाही.

त्याचा डबा रोज सकाळच्या एसटीनं येतो. माझ्या सांगण्यावरून त्याच्या आईनं पुढच्या डब्यात भाकरीच्या वर वर्तमानपत्राची एक पुडी ठेवली. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "दादा, किती बारीक कातरू?" मी म्हटलं, बोटाच्या पेराएवढे तुकडे ठेव, त्याहून बारीक नको.